वळसंगची सवारी

पुण्याहून निघालो तेव्हा आमच्या बसमध्ये पलंग होता, शेगडी होती, पडदेही होते. फक्त खिडक्यांच्या आतल्या कडा उघड्या होत्या. शाळेची जुनी बस विकत घेऊन मी आणि माझा नवरा श्रीकांत यांनी तिचं घर केलं होतं. "पट्ट्या काय, वाटेत लावू," तो म्हणाला. उजनीचं पाणी बघायला मी खिडकीत वाकले आणि उघड्या पत्र्याने माझी बाही टर्रकन फाडली. तेव्हा कुठे त्याला पट्ट्यांची घाई सुचली.

सोलापुरात भवानी पेठेत ट्रकच्या बॉडीचं काम करणारे युनूसभाई भेटले. खिडक्यांचे कोपरे गोल, म्हणून ते पातळ लाकडी पट्ट्या पाण्यात भिजवून वाकवायचे आणि स्क्रूने बसवायचे. श्रीकांत मदत करत होता, म्हणजे स्क्रू हरवत होता. शेवटची खिडकी तेवढी राहिली, तेव्हा आम्ही तिघं समोर जेवायला गेलो. कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली) आणि शेंगाचटणी. परतलो तर आमच्या बसमधल्या बाकावर एक आजी बसलेल्या, शेजारी शेळी.

"आजी, ही एसटी नाही," मी म्हणाले.

"व्हय, दिसतंय की. एसटीवाल्यानं शेळी घेतली न्हाय. वळसंगला सोडा."

"आम्ही तुळजापूरला चाललोय."

"मग आदी वळसंग, मग तुळजापूर. देवी कुटं पळून जातीय?" मग आवाज उतरला. "लेक बाळंतीण हाय. तिच्या घरात दुभतं जनावर न्हाय."

श्रीकांतने गाडीची किल्ली काढली. तेवढ्यात कुर्रकुर्र आवाज आला. शेळी भिजलेली पट्टी चघळत होती.

"अरे, आखरी पट्टी थी वो!" युनूसभाई ओरडले आणि स्वतःच हसत सुटले. "चला ताई, मी बी येतो. ढिले स्क्रू रस्त्यात आवळतो."

कुंभारीजवळ एका माणसाने हात केला. श्रीकांतला भलताच चेव आला. त्याने बस थांबवून त्यालाही घेतलं.

"तिकीट?" त्या माणसाने विचारलं.

"शेळीला विचारा," श्रीकांत म्हणाला. "गाडी तिनेच ठरवलीय."

प्रत्येक खड्ड्याला युनूसभाई अल्लाचं नाव घेत होते.

वळसंगला तो माणूस उतरला, आजी उतरल्या, शेळी मात्र उतरेना. पलंगाखाली शिरून बसली. श्रीकांतने ओढली, युनूसभाईंनी ढकलली. शेवटी जावयाने कडबा (ज्वारीची वाळलेली ताटं) दाखवला, तेव्हा बाईसाहेब डुलत खाली आल्या.

लेक बाळाला घेऊन दारात उभी होती. "आये, शेळीला बसनं आणलीस?"

"मग? वरात हाय हिची!"

लेक हसता हसता रडायला लागली. आजींनी पदराने आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

जावयाने बांबू चिरून दिला. युनूसभाईंनी तो शेवटच्या खिडकीला ठोकला आणि जाताना आम्ही सगळ्यांनी चहा प्यायला, त्याच शेळीच्या दुधाचा.

तुळजापूर करून आठवड्याने पुण्यात परतलो. बस झाडताना पलंगाखाली लेंड्या निघाल्या. श्रीकांत नाक मुरडून दूर उभा राहिला. मी मात्र केरसुणी घेऊन हसतच त्या गोळा करू लागले. आम्ही इतके महिने खपून दोघांपुरतं घर बांधलं होतं, आणि न विचारता कुणी येऊन बसेपर्यंत ते कुणाला तरी दाखवावं, हे आम्हाला सुचलंच नव्हतं.