सात पुस्तकं आणि एक ओला शर्ट

आमच्या वाचनालयात ‘सत्यकथा’ अशी पाटी लावलेलं एक काचेचं कपाट आहे. त्याच्या दुसऱ्या खणात एकाच खुनावरची सहा पुस्तकं ओळीनं उभी असत. खून त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा. बाजारातल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाई भर दुपारी दुकानातच मरून पडलेल्या सापडल्या. खुनी सापडला नाही. पण सहाही पुस्तकांनी तो सापडल्याचं छातीठोकपणे सांगितलं, आणि सहाही पुस्तकांत तो वेगळा निघाला. नवरा, डॉक्टर, भागीदार, धाकटी बहीण, एक फिरता विक्रेता, आणि सहाव्यात तर तपास करणारा फौजदारच!

या पुस्तकांचा सांभाळ करणारी आमची कार्डताई. संगणक येऊन इतकी वर्षं झाली, तरी ती प्रत्येक पुस्तकाचं कार्ड हातानं लिहिते, म्हणून हे नाव. वय पन्नास. तारखेचा शिक्का इतक्या हलक्या हातानं मारते की जणू पुस्तकाला दुखेल. नव्या वाचकाला ती हमखास दुसरं पुस्तक काढून द्यायची. “हे न्या. डॉक्टरच आहे तो. पुरावे वाचाल तर जेवण जाणार नाही.”

मला ते न्यायची गरज पडली नाही. त्याच पुस्तकावरून आलेल्या नाटकात ती चष्मेवाली मीच होते. एकशे बारा वेळा मेले! दुसऱ्या अंकाच्या शेवटी डॉक्टर पाठीमागून यायचा, मी आरशात त्याला पाहून नुसती पापणी हलवायची, आणि अंधार. काय टाळ्या पडत म्हणून सांगू! एकशे बारा प्रयोग एकच माणूस मला मारत होता, मग माझा संशय दुसऱ्या कुणावर जाणार? खरे डॉक्टर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहत. हळूहळू त्यांच्या दवाखान्याची बाकं रिकामी राहू लागली. कार्डताई तेव्हा तिच्या लहानग्या मुलीला ताप आला तरी पार स्टेशनपलीकडच्या दवाखान्यात न्यायची. एके दिवशी डॉक्टरांची पाटी उतरली. त्या संध्याकाळी आमचा प्रयोग हाऊसफुल होता.

गेल्या महिन्यात सातवं पुस्तक आलं.

मी वर्तमानपत्र चाळत बसले होते. कार्डताईनं पुस्तक उघडलं, कार्डावर नाव लिहिलं, लेखक लिहिला, आणि सवयीनं शेवटची पानं चाळली. मग पेन खाली ठेवलं.

“मावशी,” ती म्हणाली, “या वेळी लिफ्टमन आहे.”

त्या इमारतीचा लिफ्टमन म्हणजे तिचे वडील.

आठवड्याभरात गावभर झालं. जे कधी वाचनालयाची पायरी चढले नव्हते ते येऊन ‘सातवं आहे का हो?’ विचारू लागले, आणि विचारताना पुस्तकाकडे कमी, तिच्याकडे जास्त पाहू लागले. ती काउंटरच्या मागे उभी. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कपाट, समोर रांग. चहाला बाहेर पडायचं ठरवलं तरी त्यांच्यातूनच वाट काढायची. शेवटी एका सकाळी तिनं सातही पुस्तकं उचलली आणि नेऊन कादंबऱ्यांमध्ये लावली. सातही कार्डं नवी लिहिली.

वाचनालयाचे अध्यक्ष तरातरा आले. माणूस वाईट नाही, पण त्यांनी सातव्याच्या लेखकाचं व्याख्यान ठरवून टाकलं होतं.

“ताई, हे काय?”

“साहेब, एका बाईला सात जणांनी सात तऱ्हांनी मारलं असेल का? सहा तरी खोटी असणारच. कुठली सहा ते कळेपर्यंत सगळी इथे राहू देत.”

“वा! आणि ही अक्कल इतकी वर्षं कुठे होती? दुसरं पुस्तक मला तुम्हीच दिलंत, शपथेवर दिलंत. आता तुमच्या घरावर आलं तेव्हा कादंबरी झाली?”

तिनं शिक्का उचलून पुन्हा पॅडवर ठेवला. मी वर्तमानपत्र तोंडासमोरच धरून राहिले. पुस्तकं दुपारी परत ‘सत्यकथा’त गेली.

खरी पंचाईत तिच्या घरी होती. वडील चौऱ्याऐंशीचे. जन्मभर लोकांना वर नेलं आणि स्वतः राहतात चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात. गुडघ्यांमुळे चार वर्षांत खाली उतरलेले नाहीत. डोळे गेल्यात जमा. रोज संध्याकाळी लेक वाचून दाखवते, आणि म्हाताऱ्याला आवड कशाची, तर याच पुस्तकांची! ‘या वेळी कोण गं?’ म्हणून टाळी द्यायचे. सातव्याची बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली, पण त्यात खुन्याचं नाव नव्हतं.

“आलं का गं सातवं?”

“आलंय बाबा, पण बाइंडिंगला गेलंय.”

“नवं कोरं पुस्तक बाइंडिंगला?” म्हातारा हसला, आणि मग हसायचा थांबला. “म्हणजे माझ्यावर आहे.”

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “मावशी, बाबा ऐकायचंच म्हणून हट्टाला पेटलेत. माझ्याच्यानं ते वाचून होणार नाही. तुमचा आवाज आहे. याल?”

चार जिने चढले. खोली एवढीशी. पलंग, टेबल, खिडकीला गज. म्हाताऱ्यानं माझ्यासाठी दिवा जवळ सरकवायला लावला. “बाई, तुम्ही आमच्याकडे! मरायच्या सीनमध्ये तुम्हाला दोनदा पाहिलंय. आता मला मारा.”

मी वाचू लागले. ज्याच्यावर आरोप त्यालाच आरोप वाचून दाखवायचा, असा प्रवेश माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. आवाज आपोआप भारदस्त होऊ लागला. मी तो मुद्दाम खाली ओढला.

“‘...लिफ्ट निःशब्दपणे तिसऱ्या मजल्यावर थांबली...’”

“निःशब्द!” म्हातारा खुदकन हसला. “अहो, जाळीचं दार होतं ते. ओढलं की समोरच्या दुकानातला कुत्रा भुंकायचा. या गृहस्थानं ती इमारत पाहिलेली नाही. पुढे?”

पुढच्या दोन पानांत त्यांनी आणखी तीन चुका काढल्या. लेक पलंगाच्या कडेला बसली होती, तीही हसू लागली. मला वाटलं, सुटलो. मग ते वाक्य आलं. डोळ्यांना दिसलं तोवर तोंडून अर्धं गेलं होतं.

“‘त्या दुपारी तो नेहमीपेक्षा दोन तास लवकर घरी परतला, आणि शेजारणीनं पाहिलं, त्याचा शर्ट पूर्ण ओला होता.’”

कुणी हसलं नाही.

“तू सात वर्षांची होतीस,” म्हातारा लेकीला म्हणाला. “आठवतो तुला तो शर्ट?”

“हो.”

“दोरीवर टाकायला तुझ्याच हातात दिला होता. मग इतक्या वर्षांत कधी विचारलं नाहीस?”

“आजवर तो नुसता शर्ट होता, बाबा.”

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी पानात बोट घालून बसले होते. पुढचं वाचावं की उठावं, कळत नव्हतं.

“मेलेली बाई पाहिली मी,” म्हातारा म्हणाला. “पोलिसांना वर मीच नेलं. खाली आलो, मळमळायला लागलं, मागच्या नळाखाली डोकं धरलं ते धरलंच. साहेब म्हणाले, घरी जा. एवढंच आहे.” मग विचारलं, “पटलं?”

“हो,” लेक म्हणाली.

रंगमंचावर चाळीस वर्षं काढली आहेत मी. समोरच्याचं वाक्य नीट संपायच्या आधी येणारं उत्तर पाठ केलेलं असतं. ते ‘हो’ अर्ध्या श्वासानं लवकर आलं होतं. मला कळलं. म्हाताऱ्याचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. त्यांनाही कळलं.

त्यांनी हात पुढे करून पुस्तक मागून घेतलं, जाडी चाचपली आणि उशाशी ठेवून दिलं.

“बाई,” त्यांनी मला विचारलं, “ते आपले डॉक्टर कुठे गेले हो?”

मला ठाऊक नव्हतं. कार्डताईलाही नव्हतं. एकशे बारा प्रयोगांत मी कधी चौकशी केली नव्हती.

आता कार्डताई दर सोमवारी, अध्यक्ष येण्याआधी, सात पुस्तकं कादंबऱ्यांत नेते. दुपारी ती पुन्हा ‘सत्यकथा’त आणावी लागतात. नेताना मी अर्धी उचलते. संध्याकाळी ती चार जिने चढते. दर मजल्यावर थोडी थांबते, असं ती म्हणाली. वर म्हातारा दाराकडे तोंड करून बसलेला असतो. पुस्तक मागत नाही. ती “आले हं, बाबा” म्हणते तेव्हा तो मान कलती करून ऐकतो.