आप्पा बसूनच आहे

उमरग्यातला दानियाल मिस्त्री देवाशी भांडतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. भांडण ऐकूही येतं, कारण तिसऱ्या मजल्यावर उभं राहून खालून माल मागवण्यात उभी हयात गेल्यामुळे मिस्त्रीचा आवाज कायमचा वरच्या पट्टीत अडकला आहे.

त्याचा जोडीदार महालिंगप्पा, म्हणजे आप्पा. दानियाल ख्रिस्ती, आप्पा लिंगायत. गावातल्या कितीतरी भिंती या दोघांनी उभ्या केल्या आणि प्रत्येक भिंतीवरून भांडण केलं. दानियाल विटा लावायचा. आप्पा ओळंबा सोडून म्हणायचा, "दान्या, तुझी भिंत नमस्कार करायला लागली बघ."

आवडीचं भांडण मात्र मरणावरून. दोघांकडेही माणसाला पुरतात. पण ख्रिस्ती आडवा निजवतात, लिंगायत मांडी घालून बसवतात. आप्पाचं म्हणणं, शेवटच्या दिवशी तुमचा देव हाक मारील तेव्हा तुम्ही आळोखेपिळोखे देईपर्यंत आम्ही पुढं निघून गेलेले असू. यावर दानियाल सांगायचा, रात्रभर एसटीत बसून आलेल्या माणसाची कंबर कशी धरते ते स्टँडवर जाऊन बघ, मग बोल.

गेल्या मार्चमध्ये आप्पाच्या छातीत दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून त्यानं सोडा मागवला, प्यायला, ओळंबा गुंडाळून खिशात ठेवला आणि भिंतीला टेकून बसला, तो बसलाच. दवाखाना समोर, रस्ता ओलांडला की पोचला असता. सोडा प्यायला! दानियालचा पहिला राग आप्पावर, दुसरा थेट देवावर. चर्चमध्ये सगळे प्रार्थनेला डोळे मिटायचे, तेव्हा हा उघडे ठेवून समोर रोखून बघत बसायचा. रविवार मात्र एकही चुकवला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, "बोलणं बंद केलं म्हणून कुणी घर सोडतं व्हय?"

महिन्यानं त्यानंच हट्टानं चर्चमध्ये आप्पाच्या आठवणीची प्रार्थना ठेवली. आप्पाची बायको उमाबाई पुढच्या बाकावर होत्या, मी मागच्या. नेमके त्या दिवशी बाहेरगावचे एक उपदेशक आले. सदऱ्याची इस्त्री अशी, की वाकले असते तर मोडले असते. भिंतीला टेकून त्यांनी सांगितलं की, विश्वास असणाऱ्यानं रडू नये. पुढं असंही म्हणाले की, ज्यानं प्रभूला स्वीकारलं नाही त्याची पुन्हा भेट नाही, हे फार दुःखानं सांगावं लागतं. दुःख त्यांच्या चेहऱ्यावर मला तरी कुठं सापडलं नाही. उमाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि माझं टाळकं सरकलं. पण माझ्या आधी मिस्त्री उभा राहिला.

"साहेब, तुमी टेकलाय ती भिंत आप्पानं ओळंब्यात घेतलीय. म्या दोनदा वाकडी बांधली, त्यानं दोन्ही वेळेला पाडायला लावली. म्हणला, तुझ्या देवाचं घर हाय, हितं वाकडं चालायचं न्हाय."

उपदेशक हसून म्हणाले की, चांगल्या कामांनी तारण मिळत नसतं.

"मला ठावं हाय. माझंबी कामानं व्हायचं न्हाय. पण निवाडा करणारा तुमी न्हाय, म्याबी न्हाय. जो करणार, त्याला म्या लहानपणापासनं ओळखतो. तो तुमच्यावानी कोत्या मनाचा न्हाय. आन् रडायचं म्हणाल, तर प्रभूबी मित्राच्या कबरीपाशी रडला. त्याला शिकवायला तवा तुमी नव्हता."

मग महिन्यानंतर पहिल्यांदा मिस्त्रीनं डोळे मिटले. प्रार्थना अर्थातच तिसऱ्या मजल्यावरची.

"देवा, म्या अजून रागावलोय, ते मिटलेलं न्हाय. पण शेवटच्या दिवशी हाक मारशील तवा पयली हाक आप्पाला मार. तो बसूनच हाय. मला उठायला येळ लागंल. तवर त्याला दारात थांबाय सांग."

आमेन म्हणायचं कुणाला सुचेना. उमाबाईंना तर तो शब्दच ठाऊक नव्हता. त्यांनी पदर खाली घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "व्हय."