सिलेंडरचा अंगरखा

माझा धाकटा भाऊ शिंपी आहे. त्याला सर्व जण मास्तर म्हणतात. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, हीसुद्धा मास्तरच म्हणते. फक्त ती ते निराळ्या सुरात म्हणते. थोरली बहीण या नात्याने मला त्याला काहीही म्हणता येईल. तथापि मनुष्याला त्याच्या कामाच्या नावाने ओळखणे हा त्याचा सन्मान आहे असे माझे मत असल्यामुळे मीही येथे मास्तर असेच लिहीन.

मास्तरांचे दुकान गल्लीच्या तोंडाशी होते. दोन यंत्रे, कापड बेतण्याचे एक लांब फळकूट आणि वायरवर खाली ओढलेला एक दिवा, एवढाच संसार. त्या दिव्याखाली त्यांनी उभा जन्म काढला. त्यांनी लावलेली गुंडी सुटल्याची तक्रार घेऊन एकही गिऱ्हाईक कधी परत आले नाही. पुढे नजर मंद झाली. सुईत दोरा ओवण्यासाठी रस्त्यावरच्या माणसांना हाका माराव्या लागू लागल्या, तेव्हा त्यांनी दुकान बंद केले व ते घरी बसले.

घरी बसले असे म्हणतात खरे, परंतु मास्तर बसले नाहीत. प्रथम त्यांनी उशांच्या खोळी ढगळ आहेत असे ठरवून त्या आत घेतल्या. त्यानंतर उशा आत जाईनात. मग पडदे आखूड झाले. शिवण्यासारखे घरात काही उरले नाही, तेव्हा ते स्वयंपाकघरात जाऊन भावजयीच्या पाठीशी उभे राहू लागले.

"कांदा असा तिरका नको कापू," ते म्हणत. "माल वाया जातो."

"कांद्याचा काय सदरा शिवायचाय?"

"बेत आधी ठरवावा, मग कात्री लावावी. एवढंच म्हणतो."

भावजय माझ्यापाशी येऊन म्हणाली, "वन्सं, यांचं दुकान बंद झालं, पण गिऱ्हाईक मी झाले. दिवसभर मापं घेतात माझी!"

अशा वेळी परगावी राहणाऱ्या जावयाने सासऱ्यांना वेळ घालवण्यासाठी गॅसवर चालणारी, अंगणात ठेवायची ग्रिल भेट म्हणून पाठवली. ती टेम्पोतून आली. तिला मोठे झाकण होते, आत जाळी व जाळीखाली बर्नर होते, आणि कोंबडी ओवून फिरवण्यासाठी छोट्या मोटरवर चालणारी एक सळई होती. घरोघरी मातीच्या चुली असतात असे म्हणतात. आमच्या मास्तरांच्या घरी ही चाके लावलेली चूल आली. घरात तिला भट्टी म्हणू लागले.

सिलेंडर जोडून देण्यासाठी गॅसवाला आला. तो स्पष्टवक्ता होता.

"मास्तर, नीट ऐका. भट्टी भिंतीपासून लांब ठेवायची. कपड्यांच्या दोरीखाली तर मुळीच नाही. पेटवताना झाकण उघडं पाहिजे. झाकण मिटून गॅस सोडलात आणि मग आग लावलीत, तर झाकण शेजाऱ्याच्या अंगणात आणि तुमच्या भुवया देवाघरी."

मास्तरांनी विचारले, "भुवया परत येतात का?"

"येतात. पण दोन्ही सारख्या येतील याची खात्री नाही."

हे मास्तरांच्या मनाला फार लागले. डावी-उजवी बाजू सारखी नसणे यापेक्षा मोठे संकट त्यांना ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून त्यांनी झाकण उघडल्याशिवाय भट्टीला हात लावला नाही. गॅसवाल्याने नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावून दाखवला. फुगे आले तर गॅस गळतो आहे असे समजावे व पेटवू नये, असे तो म्हणाला. मास्तर हे रोज करू लागले, भट्टी पेटवायची नसली तरीही.

भावजय म्हणे, "त्या नळीला रोज साबण. स्वतःला मात्र बाहेर जायचं असेल तरच."

जाता जाता गॅसवाला म्हणाला होता, "आणि सिलेंडरला काही गुंडाळायचं नाही. वेळ आली तर चावी डोळे मिटूनही हाताला लागली पाहिजे." वाचकांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे. मास्तरांनी त्याचे सर्व सांगणे ऐकले. केवळ हे एक ऐकले नाही.

आता तंट्याचे कारण सांगते. भट्टीसाठी अंगणातील कपड्यांची दोरी काढावी लागली. ते अंगण म्हणजे भावजयीची हक्काची जागा. ओले कपडे घरात खुर्च्यांवर आले, आणि वाळलेल्या चादरींना भाजलेल्या बटाट्याचा वास येऊ लागला. एके दिवशी तिने मास्तरांचा ओला पायजमा त्यांच्या खांद्यावर टाकला व अट घातली.

"रविवारी व्याही-विहीण जेवायला येताहेत. तुमच्या भट्टीवर पाहुण्यांना सुखरूप जेवू घाला. जमलं तर ठेवा ती. नाही जमलं, तर सोमवारी भंगारवाला. माझी दोरी पुन्हा जागेवर!"

"मान्य," मास्तर म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. संध्याकाळी भट्टीशी उभे राहिले की शेजारपाजारचे लोक कुंपणावरून हाक मारत, "काय मास्तर, आज काय बेत?" बेत हा शब्द दुकान बंद झाल्यापासून त्यांना दुसऱ्या कोणी विचारला नव्हता. भट्टी गेली असती तर ती हाकही गेली असती.

शनिवारी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा अंगणात सिलेंडर अंगरखा घालून उभा होता. जाड निळे कापड, वर उभी कॉलर, कडेला पांढरी पट्टी, आणि समोर गळ्यापासून तळापर्यंत गुंड्यांची ओळ. डाव्या बाजूला खिसा होता.

"खिसा कशाला?" मी विचारले.

"खिशाशिवाय बोडकं दिसतं, अक्का."

"अरे, गॅसवाल्यानं गुंडाळू नको म्हटलं होतं ना?"

"हे गुंडाळणं आहे का? हे बेतून शिवलंय. नळीला खाली भोक ठेवलंय बघ." नंतर आवाज खाली आणून ते म्हणाले, "विहीणबाई समोर बसणार. त्यांच्यासमोर हा असा उघडाबोडका उभा करू?"

"तो काय माणूस आहे?"

"उभा आहे ना?"

मी म्हणाले, "मास्तर, काढ ते." ते म्हणाले, "जेवण झाल्यावर काढतो." नंतर अभिमानाने एक काज ओढून दाखवून म्हणाले, "घट्ट केलीत. माझी गुंडी आजवर कुणाची सुटलेली नाही."

रविवारी दुपारी व्याही व विहीणबाई आल्या. व्याही हे मितभाषी आहेत. जेवण दिसेपर्यंत ते बोलत नाहीत. विहीणबाई सर्व पाहतात आणि पाहिलेले विसरत नाहीत. दोघांना अंगणात भट्टीपासून अंतर राखून खुर्च्या दिल्या. मास्तरांनी लोंबत्या बाह्या नकोत म्हणून सदऱ्याची मनगटे आवळून शिवली होती. त्यांनी नळीला फेस लावला, फुगा नाही याची खात्री केली, झाकण उघडले, भट्टी पेटवली आणि दोन्ही भुवयांना हात लावून पाहिला. मीठ, लिंबू व मिरपूड लावलेली कोंबडी सळईवर ओवलेली होती. वितळणारी चरबी खाली सांडू नये म्हणून तिच्याखाली पसरट भांडे ठेवले होते. मोटर सुरू झाली.

"किती नेटकी बांधलीय हो," विहीणबाई म्हणाल्या. "सोडायला जीव होणार नाही."

कोंबडीचे पाय व पंख मास्तरांनी पेहरावाची शिवण घालावी तसे टाके घालून अंगाशी बांधले होते. ते कात्रीने दोऱ्याचे टोक कापत म्हणाले, "नायलॉनचा दोरा आहे. हत्तीनं ओढला तरी तुटायचा नाही."

ते खरेच होते. हत्तीने ओढला असता तर दोरा तुटला नसता. परंतु तेथे हत्ती नव्हता, आग होती. नायलॉनचा दोरा आगीपुढे तुटत नाही, तो वितळतो. थोड्याच वेळात कोंबडीचा उजवा पाय सुटला. मग डावा सुटला. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे म्हणतात. या कोंबडीने अंथरूण नसतानाच पसरले. वजन एका अंगाला गेल्यामुळे सळई अडखळत फिरू लागली, आणि प्रत्येक फेरीला कोंबडीची तंगडी खालच्या भांड्यावर आपटू लागली. टण्. टण्.

व्याही प्रथमच बोलले. "जेवणाची घंटा झाली का?"

मास्तर मोटर बंद करायला धावले. तेवढ्यात तंगडीने भांडे कलंडवले. साठलेली चरबी बर्नरवर सांडली व भडका उडाला. ज्वाळा पुढच्या बाजूने बाहेर येऊन बर्नरच्या बटणांवर लोळू लागल्या. तेथे हात घालणे अशक्य होते.

व्याह्यांनी पाण्याचा जग उचलला.

"पाणी नको!" मास्तर ओरडले. "चरबीची आग आहे, अंगावर उडेल! मागे व्हा सगळे!"

मी विहीणबाईंना खुर्चीसकट मागे ओढले. मास्तर सिलेंडरकडे धावले, कारण आता गॅस तेथूनच बंद होणार होता. चावी कॉलरच्या आत होती. त्यांनी पहिली गुंडी धरली. ती सुटली नाही. धुराने डोळ्यांत पाणी आले होते. दुसरी धरली. तीही सुटली नाही.

भावजय मिठाची बरणी घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, काढा ना ते!"

"निघत नाही!"

"कुणी शिवलंय एवढं घट्ट?"

"मीच!"

"मग फाडा!"

"फाटायचं नाही, चांगलं कापड आहे!"

कात्री टेबलावर होती. मास्तरांनी ती उचलली आणि क्षणभर थांबले. पुरे झालेल्या कपड्याला त्यांनी जन्मात कात्री लावली नव्हती. गिऱ्हाइकाने कपडा सैल करून मागितला तरी ते सुईने एकेक टाका उसवत. मी त्यांचा चेहरा पाहत होते. मग त्यांनी डोळे मिटले, कॉलरपासून तळापर्यंत कात्री सर्रकन चालवली, अंगरखा दोन्ही बाजूंना गळून पडला आणि त्यांनी चावी फिरवली.

गॅस तुटताच ज्वाळा खाली बसल्या. उरल्या चरबीवर भावजयीने बरणीभर मीठ ओतले. थोडा धूर झाला व सर्व शांत झाले. व्याह्यांच्या हातात जग तसाच होता. काही वेळाने त्यांनी त्यातले पाणी स्वतः प्यायले.

कोंबडी काळी पडली होती, आणि वितळलेले नायलॉन तिला चिकटल्यामुळे खाण्यास योग्य राहिली नव्हती. मास्तर जमिनीवर बसून कापलेल्या अंगरख्याची घडी घालत होते. वर न पाहताच ते म्हणाले, "उद्या भंगारवाल्याला बोलाव. दोरी मी बांधून देतो."

भावजय आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताट होते. ताटात मसाला लावलेली दुसरी कोंबडी होती, साध्या सुती दोऱ्याने पाय बांधलेली.

मास्तर पाहतच राहिले. "ही कधी आणलीस?"

"काल. तुम्ही सिलेंडरला खिसा शिवत होतात तेव्हा."

"आणि अट?"

"अट रागात घातली. नंतर विचार केला, भट्टी गेली की हे कुठे उभे राहणार? माझ्या ओट्याशी!" ती माझ्याकडे वळली. "वन्सं, दोरी काय, गच्चीतही बांधता येते. ओटा दुसरा कुठून आणू?"

विहीणबाई मान हलवून म्हणाल्या, "खरं आहे. आमच्याकडेही एक भट्टी पाहिजे." व्याह्यांनी हे ऐकले नाही असे दाखवले.

भट्टी पूर्ण निवल्यावर आम्ही ती खरवडून पुसली. मास्तरांनी नळी इंचाइंचाने पाहिली, तिला आच लागली नव्हती. तरीही त्यांनी गॅसवाल्याला फोन केला व त्याने सांगितले तसा फेस लावून पुन्हा पाहिले. शेवटी गॅसवाल्याने विचारले, "सिलेंडरला काही गुंडाळलेलं नाही ना?"

मास्तर म्हणाले, "आता नाही."

दुसरी कोंबडी पाय अंगाशी घेऊन शहाण्यासारखी फिरली. मधल्या काळात व्याह्यांनी सगळा पाव संपवला होता. मास्तरांनी हाडापाशी सुरी घालून आतपर्यंत शिजल्याची खात्री केली व मगच ती पानात वाढली. विहीणबाईंनी दोनदा मागून घेतली. मिठाची बरणी रिकामी झाल्यामुळे वरून मीठ कोणालाही मिळाले नाही, परंतु कोणी मागितलेही नाही.

कापलेल्या अंगरख्याच्या दोन बाजूंपासून मास्तरांनी गरम सळई धरण्यासाठी जाड हातमोजे शिवले. त्यांना गुंडी नाही. भट्टी अंगणात आहे, दोरी गच्चीत आहे. सिलेंडर मोकळा असतो. पाहुणे आले की मास्तर त्याच्यापुढे, चावीला हात पोचेल इतक्या जवळ, आडोसा करून उभे राहतात. गॅसवाल्याचे सांगणेही पाळले जाते, आणि विहीणबाईंना काही दिसत नाही.