थट्टेवारी गेलेला पगार

समजा, तुम्ही जमिनीच्या पोटात आहात. सुरुंग उडून गेलाय, धूर निवळलाय. तुमच्या हातात तुमच्याहून लांब पहार आहे आणि डोक्यावरचा खडक तिने ठोकून बघायचाय. टणकन वाजला तर शाबूत. भदभद वाजला तर आत पोकळी. तो पाडायचा, पण स्वतः त्याखाली न सापडता. कान चुकला, की घरी निरोपच जातो.

कित्वे शहरातल्या तांब्याच्या खाणीत कापेम्ब्वा हेच काम करायचा. त्याच्या जोडीला लामेक. एक ठोकणार, दुसरा ऐकणार. थकले की अदलाबदल. दोघांचा जीव एकमेकांच्या कानावर. फरक फक्त हेल्मेटचा. लामेकचं पांढरं, म्हणजे तो खाणीचा माणूस. कापेम्ब्वाचं निळं, म्हणजे ठेकेदाराचा. खाण काम ठेक्याने द्यायची, सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला. आणि ती बोली कमी व्हायची ती निळ्या हेल्मेटांच्या पगारातून. पांढऱ्याला जे मिळे, त्याचा तिसरा हिस्सा निळ्याला.

कापेम्ब्वाचं लग्न ठरत होतं. मुलगी तमारा जेरे, ङोनी घरातली. कापेम्ब्वा बेम्बा. या दोन जमाती आजोबा-पणजोबांच्या काळात लढल्या आणि आता त्याची भरपाई थट्टेने करतात. बेम्बा आणि ङोनी समोरासमोर आले की काहीही बोलावं, कुणी रागवायचं नाही.

मुलीच्या बापाला नवऱ्याकडून किती गाई द्यायच्या, याची बोलणी करायला मुम्बा मामा गेला. रिवाजाप्रमाणे दोन बश्यांमध्ये झाकून शकुनाचे पैसे नेले. नवरदेवाने आत बसायचं नसतं, म्हणून कापेम्ब्वा कुंपणाबाहेर आंब्याखाली उभा राहिला.

"आले रे आले माकडखाऊ!" आतून तमाराच्या बापाचा, म्हाताऱ्या जेरेचा आवाज आला. "झाडावरनं उतरायला एवढा उशीर?"

"उंदीरखाऊंच्या घरी यायचं म्हणजे घरनं जेवून निघावं लागतं," मामा म्हणाला.

हशा पिकला. मग आवाज खाली गेले. मग पुन्हा हशा, आधीपेक्षा मोठा. लगेच तिसऱ्यांदा. कापेम्ब्वाने कान देऊन ऐकलं. हसणं टणक वाजत होतं. जमलं, त्याला वाटलं.

मामा बाहेर आला तो मान खाली घालून.

"काय झालं मामा? किती गाई मागितल्या?"

"पांढऱ्या हेल्मेटवाल्याकडे मागाव्यात तेवढ्या."

"पण तुम्ही सांगितलं नाही का?"

"सांगितलं रे बाबा. म्हटलं, पोरगं तेच काम करतं, त्याच दगडाखाली, पण पैसा तिसरा हिस्सा. तर म्हातारा पोट धरून हसला. म्हणाला, 'गोऱ्याला एक पगार आणि काळ्याला दुसरा, तो जमाना मी पाहिलाय. झेंडा बदलला तेव्हाच तो गेला. किंमत पाडायला बेम्बाच असली थाप मारू जाणे!'"

"मग परत सांगायचं ना!"

"परत सांगितलं. आणखी हसले."

जेरे स्वतः जुना खाणकामगार. त्याच्या वेळी जो खाली उतरला तो खाणीचा. घर, दवाखाना, पिठाचं पोतं सगळं त्यात आलं. खाणीत उतरून खाणीचं नसणं त्याच्या डोक्यात बसेना.

शेवटी तमारानेच बापाला समजावलं. चार दिवसांनी ती नळावर भेटली.

"पटलं का त्यांना?" कापेम्ब्वाने घाईने विचारलं.

"पटलं," ती म्हणाली. तिने बादली उचललीच नाही. "पटलं नसतं तर बरं झालं असतं."

"म्हणजे?"

"म्हणाले, 'गाई सोडून दिल्या असत्या. पण जो माणूस तिसऱ्या हिश्शात त्या दगडाखाली उभा राहतो, त्याच्यावर उद्या दगड पडला, तर तुझ्या दारात कोण येणार? खाण म्हणेल, आमचा नव्हे. ठेकेदाराचा तर बोर्डही दर वर्षी बदलतो.'"

"आणि तू? तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? खोटं बोलले का ते?"

तिला चिपाटाला आत्याकडे पाठवलं. वर्षाच्या आत तिकडेच एका मास्तराला दिली.

लामेकला वाईट वाटलं, पण तोही पोळलेला होता. "आम्ही वाढ मागितली की साहेब तुझ्याकडेच बोट दाखवतो," तो एकदा डबा खाताना म्हणाला. "म्हणतो, तो बघा, तेच काम किती स्वस्तात करतो. तुझ्यापायी माझा पगार अडलाय, माकडखाऊ."

लामेक ङोनी नव्हता. त्याला तो शब्द वापरायचा हक्कच नव्हता. कापेम्ब्वाने डब्याचं झाकण लावलं आणि पहार उचलली.

आता तो निळं हेल्मेट घालून तिथेच काम करतो. पहार वर जाते, खडक वाजतो, लामेक मान हलवतो. काम तीन हिश्शांचं होतं, हे दोघांनाही ठाऊक आहे. कापेम्ब्वाला आता तमारा परत नको आहे, ती सुखात असावी. त्याला फक्त एकदा म्हाताऱ्या जेरेपुढे जाऊन आपला पैसा कोण खातं त्याचं नाव सांगायचंय; हसायचं तर हसू दे. पण सांगायला आधी ते कळायला हवं ना?

"लामेक," पहार खाली टेकवून तो विचारतो, "माझे ते उरलेले दोन हिस्से जातात कुणाकडे रे?"