मानेवरचा काळा पट्टा

शिरपूरच्या शाळेत आरोग्याचा तास माझ्या गळ्यात पडलाय, आणि मीही काही कमी नाही. सहावी-सातवीच्या पोरांचे डबे उघडून बघणं हा माझा लाडका उद्योग. कुणाच्या डब्यात कुरकुरे दिसले की मी असे डोळे वटारते, की पोरं हसतहसत झाकण लावतात.

त्या दिवशी तपासणीला डॉक्टरबाई आल्या होत्या. वजन, गोड पेयं, मैदानावरचा खेळ, सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एक चित्र दाखवलं. एका जाड मुलीची पाठमोरी मान, आणि तिच्यावर जाडसर काळा पट्टा.

"मॅडम, हाऊ ते मळ शे!" मागून एक पोरगी ओरडली. वर्ग खिदळला.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "मळ नाही हा. कितीही घासा, जात नाही. वजन वाढलेल्या मुलांमध्ये ही पुढच्या मधुमेहाची खूण असू शकते. रक्त तपासून घ्यायचं."

माझी लेक धुळ्यात, आमच्या घराजवळच्या शाळेत सहावीला आहे. तिच्या मानेवर तस्साच पट्टा होता, आणि दर रविवारी मी तो खसाखसा घासत होते. वर तोंडाचा पट्टाही चालू असायचा, "अंगाला पाणी लागतं की नाही तुझ्या?"

परतीच्या एसटीत मला पारोळ्याचे माझे वडील दिसत राहिले. शुगरने आधी त्यांचा अंगठा गेला, मग पाऊल. पण ते निदान म्हातारे होते. ही अजून बाहुलीला झोपवून मग झोपते. लोकांच्या पोरांना शहाणपण शिकवायला मी रोज इतका प्रवास करते, आणि माझी पोर मी येईपर्यंत शेवेचा पुडा घेऊन टीव्हीपुढे बसलेली असते. मला इतकी भीती वाटली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय व्हयनं माय?" शेजारच्या अक्कांनी विचारलं.

"काही नाही अक्का, धूळ गेली," मी म्हटलं.

घरी पोचले आणि चप्पलही न काढता लेकीला म्हटलं, "इकडे ये, मान बघू."

तिने मुकाट्याने वेणी पुढे घेतली, मान खाली घातली आणि खांदे आवळले. "मम्मी, हळू घास ना. मागच्या वेळचं अजून चुरचुरतं."

मी तिला जवळ ओढलं. "आता नाही घासायचं. तो मळ नाहीच आहे बेटा."

ती वळून माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे मी घाणेरडी नाहीये?"

"नाही गं."

ती इतकी खुशीत हसली, की उद्या उपाशीपोटी रक्त द्यायला जायचंय हे सांगायला माझं तोंडच उघडेना.