बरणीतला शेवटचा हायड्रा

दारव्ह्याकडच्या एका कॉलेजात सेवादास राठोड प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. एकोणीस वर्षं त्यानं काचेची भांडी धुतली, पेट्या उचलल्या, वेळेला सरांची बोलणीही खाल्ली, कधी उलटून बोलला नाही. पण खिडकीतल्या एका बरणीला कोणी बोट लावलं की या गरीब माणसाचं डोकं असं फिरायचं की विचारता सोय नाही. बरणी तरी कसली, तर लोणच्याची, काचेची. आत पाणी, शेवाळाच्या चार काड्या आणि काचेला चिकटलेले, दोऱ्याच्या तुकड्याएवढे जीव. हायड्रा.

शेजारच्या कपाटात फॉर्मेलिनमध्ये बुडवलेला जेलीफिश होता, समुद्रफूल होतं, पोवळ्याचा पांढरा दगड होता. नव्या पोरापोरींना सेवादास सांगायचा, ''हे सारे एकाच भावकीतले. साऱ्यायच्या हाताले डंख, अन् तोंड एकच. खाणं त्यातूनच, टाकणंही त्यातूनच. बाकीची भावकी समुद्रात राह्यली, हा आपल्या तांड्याच्या तळ्यात आला.''

ते तळं सहा वर्षांपूर्वी बुजवलं, वरून रस्ता गेला. त्याआधी सेवादासनं तिथून एक हायड्रा आणला होता. झाडाला फांदी फुटावी तशी त्याच्या अंगाला पिल्लं फुटली, सुटी झाली, त्यांनाही फुटली, आणि बरणी भरली. म्हणजे आता ही बरणी गेली तर तांड्याचा हायड्रा संपला. दुसरं तळं नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यानं भिंग लावून बरणीत पाहिलं. एरवी लांब हात पसरून जलपिसूची, पाण्यातल्या त्या बारीक किड्याची, वाट बघत बसणारे जीव आखडून गोळा झाले होते. हातांच्या जागी नुसती बोंडं. कितीतरी तळाशी पडून विरघळत होते.

त्यानं प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या समीक्षा मॅडमना फोन लावला. मॅडम पेपर तपासायला अमरावतीला गेल्या होत्या.

''पाणी कधी बदललं?'' मॅडमनी विचारलं.

''शनिवारी. नेहमीसारखं. तांड्याच्या विहिरीचं, रातभर माठात ठेवलेलं.'' नळाचं पाणी तो कधीच घालत नसे, त्यात ब्लिचिंग असायचं.

''माठातच ठेवलं होतं ना? नक्की विचारा घरी. तांब्याचा अंशसुद्धा हायड्राला मारतो.''

सेवादासनं बायकोला फोन केला. बसंतीबाईनं सरळ सांगून टाकलं. ''माठ तडकला होता. म्हणून तांब्याच्या हंड्यात ठेवलं. चिंच लावून लख्ख घासला होता हंडा. तांब्याचं पाणी चांगलं असते, त्या जीवायलेही गुण येईन म्हटलं.''

सेवादासच्या तोंडून जे निघालं ते एकोणीस वर्षांत निघालं नव्हतं. ''मारून टाकलं तू साऱ्यायले. कायले हात लावतं माह्या कामाले?''

 पलीकडून फोन कट झाला.

आता पाणी हवं होतं, ताबडतोब, आणि तेच तर नव्हतं. तांडा सात किलोमीटर. स्वतः जावं तर बरणीकडं कोण बघणार? तो भिंग घेऊन बसला. दहा वाजता त्यातल्या त्यात धड म्हणावे असे नऊ उरले होते. साडेदहाला पाच. त्याला बायकोचा राग येत होता आणि आपण न विचारता पाणी ओतलं याचा त्याहून जास्त येत होता.

अकराला दारात बसंतीबाई उभी. डोईवर पदर, हातात प्लास्टिकची कॅन, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आलेली. ''विहिरीतून सरळ भरलं,'' एवढंच म्हणाली.  त्यानं बशीत पाणी ओतलं, ड्रॉपरनं एकेक जीव उचलून त्यात सोडला. चार जण बशीतच विरले. एक उरला. त्याचंही डोकं वरून कुजत चाललेलं.

त्यानं पुन्हा फोन लावला. मॅडम म्हणाल्या, ''सेवादासभाऊ, आता एकच उपाय. कुजलेलं डोकं कापा. खालचं धड जिवंत असलं तर तीन-चार दिवसांत नवं डोकं फुटेल. उशीर केलात तर धडही जाईल.''

''मी कसा कापू? मी ट्रे धरणारा माणूस.''

''तिथं तुम्हीच आहात.''

त्यानं ब्लेड घेतलं. दोन वर्षांपासून हात थरथरत होते, आता तर भिंगाखाली ब्लेडचं टोक नाचायलाच लागलं. एकदा टेकवलं, मागं घेतलं. दुसऱ्यांदाही तेच. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

''सरका,'' बसंतीबाई म्हणाली.

''तुले नाई जमणार.''

''मोहरीएवढ्या आरशाले टाका घालते मी. सरका म्हटलं ना.''

तिनं बशी उजेडाकडं ओढली. लहानपणापासून कांचळीवर, म्हणजे तांड्यातल्या चोळीवर, काच आणि कवड्या भरत आलेली तिची बोटं. तिनं श्वास धरला. कुठून कापायचं ते सेवादासनं काडीनं दाखवलं. ब्लेड एकदाच टेकलं. कुजका भाग बाजूला तरंगला, खाली तिळाएवढं धड राहिलं. तिनं ब्लेड ठेवलं आणि मागं वळून न बघता निघून गेली.

मंगळवारी काही नाही. धड हलेना, पण विरघळेनाही. बुधवारीही तेच.  घरी ती ताट वाढायची, तो खाली मान घालून जेवायचा. माफी मागावी असं शंभरदा मनात आलं, पण धड मेलं तर ती माफी काय कामाची, असं त्याला वाटायचं. खरं म्हणजे तोंडच उघडत नव्हतं.

गुरुवारी भर दुपारी सेवादास तांड्यावर आला. बसंतीबाई अंगणात नव्या माठाला ओलं फडकं गुंडाळत होती. या वेळेला नवऱ्याला बघून तिनं फडकं तसंच सोडलं.

''गेला का?''

''चार फुटले,'' तो म्हणाला. ''इवलेइवले. नवे हात.''

ती खालीच बसली.

त्यानं रिकामी कॅन तिच्यापुढं ठेवली. जीपवाला रस्त्यावर हॉर्न देत होता, तरी तो उभाच राहिला.

''पाणी भरून दे,'' तो म्हणाला. ''तुह्या हातानंच दे.''