हळू नव्हे, हाळु

आमच्या घरात एक गोष्ट पाहुण्यांना हमखास सांगितली जाते. पुण्याहून नवीन आलेल्या सुनेने 'हाळु' ऐकलं, त्याचं 'हळू' केलं, आणि सासूचं मनगट मोडलं. लोक हसतात. सूनही हसते आणि उठून स्वयंपाकघरात जाते. ही गोष्ट खोटी आहे. घरातल्यांना ती खोटी ठरायला नको आहे, कारण ती फार छान जमली आहे. मला त्याची पर्वा नाही.

मराठीतलं हळू सगळ्यांना ठाऊक आहे. हाळु हे कन्नड. बिघडलेलं, नासलेलं, कामातून गेलेलं. मोटर हाळु होते, रस्ता हाळु होतो, वाया गेलेला पोरगाही हाळु. माझा जन्म म्हैसुरातला, शाळा कन्नडातली. माझ्या कानांचा या दोन शब्दांत गोंधळ होणं शक्य नाही. हे आधी लक्षात घ्यावं.

गाडी जुनी होती, अजूनही आहे. तिचे ब्रेक पॅड मी नेहमी स्वतः बदलत आलो. जॅक लावायचा, पुढचं चाक काढायचं, कॅलिपरचा बोल्ट सोडवायचा, जुने पॅड काढून नवे बसवायचे. अवघड काही नाही, फक्त आळस नको. त्या वर्षी मी आळस केला. ब्रेक दाबला की बारीक चीं असा आवाज यायचा. पॅड संपत आल्याची ती खूण असते. मग ब्रेक ऑइल खाली गेलं आणि समोरचा लाल दिवा लागला. पॅड झिजले की ऑइलची पातळी उतरते, हे मला माहीत होतं. मी वरून ऑइल ओतलं. दिवा विझला. रोग तसाच ठेवून ताप उतरवण्यातला प्रकार होता तो.

मुलगा तेव्हा गाडी विकायच्या मागे लागला होता. "बाबा, आता एक जरी मोठं काम निघालं तरी डबा देऊन टाकायचा," असं त्याने बजावलं होतं. त्यात पिरियापट्टणचा माझा चुलतभाऊ यायचा होता. फोनवर तो म्हणाला होता, "तुझा तो डबा बेट्टावर चढेल की मी ढकलायला माणसं आणू?" रविवारी तुला चामुंडीच्या डोंगरावर नेऊन आणतो, असं मी ठणकावून सांगितलं होतं.

शुक्रवारी क्लचची केबल बदलायला गाडी कडकोळजवळच्या मेस्त्रीकडे टाकली. त्याचा फोन आला तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो. फोन सुनेने घेतला. लग्न होऊन ती नुकती आली होती, कन्नड शब्द एकेक करून गोळा करत होती. मी बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, मेस्त्रींचा फोन होता. ब्रेक हाळु, म्हणाले. पूर्ती हाळु."

म्हणजे पार कामातून गेलेले. तिने आ पूर्ण लांब ओढला होता. मेस्त्रीने उच्चारला असेल तस्साच.

मग तिने विचारलं, "म्हणजे काय? गाडी हळू चालवा, असं का?"

मुलगा शेजारीच पेपरात बुडाला होता, त्याने हे ऐकलं नव्हतं; पण खरा अर्थ सांगितला असता तर त्याच्या कानावर जाऊन गाडी विकली गेली असती. मी म्हणालो, "हो, तसंच."

एवढंच. सगळी गोष्ट एवढीच आहे.

शनिवारी मी गाडी आणली. येताना दुकानातून नवे पॅडही घेतले. सोमवारी गुपचूप बसवू, असं ठरवलं. रविवारी मी, बायको, सून आणि चुलतभाऊ असे चौघं वर गेलो. दर्शन झालं, उतरायला लागलो. एका वळणावर खालून बस आली. मी ब्रेक दाबला आणि चाकातून खर्रर्र आवाज आला, लोखंडावर लोखंड. गाडी थांबेना. मी ती डोंगराच्या बाजूला वळवली, चाक गटारात गेलं आणि बायकोचा हात समोर आपटला.

दवाखान्यात सून रडत होती. "मीच मेस्त्रींना नीट विचारून घ्यायला हवं होतं." मी तिच्या शेजारी बसलो होतो. खरं काय ते सांगितलं नाही. चुलतभावाने तिथेच तिचं नाव 'हळूबाई' ठेवलं, वातावरण हलकं करायला म्हणून. तेव्हापासून तिने कन्नडात बोलणं सोडलं. फोन वाजला की तो दुसऱ्याच्या हातात देते. दारात दूधवाला आला तरी बायकोला हाक मारते. या शहरात इतकी वर्षं राहून ती मुकी राहिली, ती माझ्या दोन शब्दांमुळे.

परवा नातवाच्या वाढदिवसाला सगळे जेवायला बसले होते. चुलतभावाने पोळी मागितली आणि वर म्हणाला, "हळूच वाढ गं, हळूबाई!"

मी ताट सरकवलं. जे घडलं ते सगळं सांगितलं.

कुणाचाही विश्वास बसला नाही.

"अय्यो, सुम्ने, उगाच कशाला ते आता?" चुलतभाऊ म्हणाला. "सुनेचा कैवार घेतोयस होय? घे बाबा, चांगलं आहे."

मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं वय झालं. काहीतरी मिसळतंय डोक्यात."

वय झालं! पॅडच्या जाडीवरून मी अजून गाडी किती चालेल ते सांगतो. मी उठलो, डिकी उघडली, स्टेपनीखालून पॅडचा खोका काढला आणि भाताच्या पातेल्याशेजारी आणून ठेवला. अपघातानंतर मेस्त्रीने त्याच्याकडचे पॅड बसवले होते. हे तसेच राहिले. वापरवले नाहीत, टाकवलेही नाहीत.

"गाडी हळू चालवायची होती, तर हे मी कशाला आणले होते?"

बायकोने खोका हातात घेतला. तिचं ते मनगट अजून पूर्ण वळत नाही. "त्या शनिवारी पिशवीत हेच होतं ना? मी विचारलं, तर हेडलाइटचा बल्ब म्हणालात." खोका खाली ठेवून म्हणाली, "मनगट माझं मोडलं, आणि हसं हिचं केलंत."

आता कुणी हसत नव्हतं. मुलगा खाली बघत होता. सून पोळ्यांचा डबा घेऊन उभी होती. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे बाबा. तसं म्हणाली असती तर ते मला सोसलं नसतं.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हाळागि होगि."

वाटोळं होवो तुमचं. कन्नडात, आणि तेही आदरार्थी.

चुलतभावाच्या हातातला घास तसाच राहिला. मुलगा "अगं" म्हणाला. मी त्याला गप्प केलं. तिला काय म्हणायचं आहे ते तिला चांगलं कळतं, आणि तेव्हाही तिने शब्द बरोबरच सांगितला होता. ज्यांना अजून माझ्या वयावर बोट ठेवायचं आहे, त्यांनी खुशाल ठेवावं. पण मी कानाने ऐकलं आहे. आ पूर्ण लांब होता.